उकिरड्यापासून परसबागेपर्यंत

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठीत रूढ आहे. दैव पालटण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला धीर देण्यासाठी ती वापरली जाते. प्रत्यक्ष उकिरड्याच्या बाबतीत मात्र बारा वर्षे थांबण्याचे काहीच कारण नाही. शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती, गव्हाणीत उरलेली वैरण, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील साली-देठ यांची नीट रचना केली, तर तीन ते चार महिन्यांत त्यांचे काळसर, भुसभुशीत आणि मातीचा सुवास असलेले खत तयार होते. हेच साहित्य उघड्यावर टाकले, तर उन्हाने त्यातील नत्र उडून जाते, पावसाने उरलेला कस वाहून जातो आणि गावाच्या वाट्याला माश्या व दुर्गंधी तेवढी येते. साहित्य एकच, परंतु एका वाटेने ते अन्न होते आणि दुसऱ्या वाटेने घाण.

शाळा, अंगणवाड्या आणि घरे यांच्या परिसरात परसबागा तयार करण्यास अलीकडच्या काळात चालना मिळाली आहे. शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही दिल्या. मुलांच्या ताटात ताजी पालेभाजी यावी, हा त्यामागील हेतू आहे. तथापि, पहिल्या वर्षी डोळ्यांत भरणारी परसबाग तिसऱ्या वर्षी निस्तेज झाल्याचे अनेकदा आढळते. बी तेच असते, पाणी तेवढेच असते आणि देखभाल करणारे हातही तेच असतात. तरीही मेथी खुरटते, वांग्याला फुले कमी लागतात, वाफ्यावर पाणी साचून राहते आणि ते आटल्यावर मातीला पापडी धरते. प्रत्येक काढणीबरोबर मातीतून काहीतरी बाहेर गेले. तिला परत काही मिळाले नाही, हे या ऱ्हासाचे मूळ कारण होय.

मातीला भूक असते

माती म्हणजे खडकाचा भुगा नव्हे. खनिज कण, पाणी, हवा, सेंद्रिय पदार्थ आणि असंख्य सूक्ष्म जीव मिळून माती बनते. यांतील सेंद्रिय पदार्थांचा वाटा वजनाने अगदी अल्प असतो. परंतु मातीचा पोत, पाणी धरून ठेवण्याची शक्ती आणि जीवाणूंचा निर्वाह या गोष्टी मुख्यतः त्यावरच अवलंबून असतात. माती परीक्षणात हा अंश ‘सेंद्रिय कर्ब’ या नावाने मोजला जातो. सामान्यतः ०.५० टक्क्यापेक्षा कमी कर्ब असलेली जमीन या बाबतीत गरीब समजली जाते, तर ०.७५ टक्क्याहून अधिक कर्ब असलेली जमीन संपन्न मानली जाते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेतील पत्रिकेतही सेंद्रिय कर्बाची नोंद असते.

उष्ण प्रदेशात सेंद्रिय पदार्थ वेगाने कुजतात व जळतात. त्यामुळे थंड प्रदेशात एकदा दिलेले खत जितका काळ टिकते, तितका काळ ते दख्खनच्या पठारावर टिकत नाही. महाराष्ट्रातील निरनिराळ्या मातींना खताचा उपयोग निरनिराळ्या प्रकारे होतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. मुरलेल्या खतामुळे तिचे कण रवाळ होतात, हवा खेळते व मुळांना वाट मिळते. कोकणातील जांभी माती आम्लधर्मी असून जोरदार पावसाने तिच्यातील अन्नद्रव्ये धुपून जातात. तेथे सेंद्रिय पदार्थ ती द्रव्ये धरून ठेवण्यास साहाय्य करतात. शाळेच्या आवारातील भराव पुष्कळदा मुरमाड असतो. अशा ठिकाणी खत हाच मातीचा पाया ठरतो.

खतातून काय मिळते?

चांगल्या शेणखतात साधारणपणे अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याच्या आसपास स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असते. परसबागेच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो, ते पाहू. भाजीपाला पिकांसाठी हेक्टरी २० ते २५ टन शेणखताची शिफारस सामान्यतः केली जाते. एका गुंठ्याला हे प्रमाण २०० ते २५० किलो, म्हणजे एका चौरस मीटरला दोन ते अडीच किलो पडते. २५० किलो शेणखतात सुमारे सव्वा किलो नत्र असते. एवढेच नत्र पावणेतीन किलो युरियात मिळते. त्यातही शेणखतातील नत्राचा काही भागच पहिल्या वर्षी पिकाच्या उपयोगी पडतो. उरलेला पुढील हंगामांत हळूहळू मोकळा होतो.

केवळ हा हिशेब पाहिला, तर इतके ओझे वाहून नेण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की, युरिया पिकाला खाऊ घालतो, तर शेणखत मातीला खाऊ घालते. शेणखताबरोबर जस्त, लोह, मंगल यांसारखी सूक्ष्म द्रव्ये येतात. जीवाणूंना आणि गांडुळांना खाद्य मिळते. माती पाणी शोषून घेते व अधिक काळ धरून ठेवते. दिलेले रासायनिक खतदेखील अशा मातीत अधिक उपयोगी पडते. म्हणूनच या दोहोंकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहणे योग्य नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशात दीर्घकालीन खत प्रयोगांचा प्रकल्प सुरू केला. अकोला व परभणी ही त्यातील महाराष्ट्रातील केंद्रे होत. शिफारशीइतकी रासायनिक खते आणि त्यांच्या जोडीला शेणखत दिल्यास उत्पादन आणि जमिनीची प्रत ही दोन्ही अधिक चांगली टिकतात, असा या प्रयोगांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. तेथील सातूच्या शेतातील एका तुकड्याला १८५२ ते १८७१ या काळात दरवर्षी शेणखत देण्यात आले व नंतर ते पूर्णपणे थांबविण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे लोटल्यानंतरही त्या तुकड्यात, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा अधिक सेंद्रिय कर्ब आढळला. आपल्या हवामानात परिणाम इतका दीर्घकाळ टिकणार नाही. परंतु मातीत घातलेले खत एका हंगामात संपून जात नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

कच्चे आणि मुरलेले

शेण आणि शेणखत हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. पण बागेत त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध होऊ शकतात. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेला काडीकचरा मातीत मिसळला, की तो कुजविण्यासाठी जीवाणूंना नत्र लागते. काड, भुसा, वाळलेली पाने यांमध्ये कर्ब विपुल आणि नत्र अत्यल्प असते. तेव्हा जीवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. खत घालूनही पीक उपाशी राहते, ते यामुळे.

कच्च्या खताचे आणखी तीन दोष आहेत. जनावरांच्या पोटातून न पचता आलेले तणांचे बी त्यातून वाफ्यात पसरते. हुमणीसारख्या किडींना अर्धवट कुजलेल्या शेणात अंडी घालण्यास जागा मिळते. पुढे तिच्या अळ्या भाजीची मुळे कुरतडतात. तिसरा दोष आरोग्याचा आहे. ताज्या शेणात रोगजंतू व कृमींची अंडी असू शकतात आणि कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांतून ती थेट पोटात जाऊ शकतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला टेकतो अशा पिकांच्या बाबतीत कच्चे शेण घालणे आणि पीक काढणे यांत किमान १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. दीड महिन्यात निघणाऱ्या पालेभाजीला हे अंतर पाळणे शक्यच नसते. म्हणून परसबागेत पूर्ण मुरलेलेच खत वापरणे इष्ट होय.

मुरलेले खत ओळखणे अवघड नाही. त्याला शेणाचा वास येत नाही. मुठीत दाबले असता गोळा होतो व बोट लावताच तो फुटतो. मूळ काडी किंवा पान ओळखू येत नाही. ढिगात हात घातला असता तो गरम लागत नाही.

खड्डा व टाकी

कंपोस्ट करण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीचा पाया मध्य भारतात घातला गेला. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने वरखाली करून खत तयार करण्याची पद्धती बसविली. या दोघांचा त्यावरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३९ मध्ये बंगळूर येथे डॉ. सी. एन. आचार्य यांनी खड्डा भरून तो चिखलाने लिंपून टाकण्याची पद्धती विकसित केली. तीत वरखाली करण्याचे श्रम वाचतात. मात्र खत तयार होण्यास सहा ते आठ महिने लागतात.

महाराष्ट्राला अधिक परिचित असलेली पद्धती म्हणजे नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. यात जमिनीवर दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी विटांची टाकी बांधतात आणि हवा खेळण्यासाठी भिंतींना छिद्रे ठेवतात. काडीकचऱ्याचा सुमारे अर्ध्या फुटाचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा व त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, या क्रमाने टाकी भरून वरून मातीने लिंपतात. पंधरा-वीस दिवसांनी भर खाली बसला, की टाकी पुन्हा भरून लिंपावी लागते. एका टाकीला साधारणतः दीड टन काडीकचरा, पावणेदोन टन माती आणि केवळ ९० ते १०० किलो शेण लागते. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा या पद्धतीचा विशेष आहे. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यामुळे अनेक गावांत शेण दुर्मीळ होत असताना या विशेषाचे महत्त्व वाढले आहे.

शाळेला किंवा घराला टाकी बांधणे शक्य नसेल, तर एक मीटर रुंद, एक मीटर खोल व सोयीप्रमाणे लांब असा खड्डा पुरेसा होतो. पाणी साचणार नाही अशी उंच जागा व वर झाडाची किंवा छपराची सावली असावी. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवावा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. ढीग नीट रचला असेल, तर आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्या उष्णतेने तणांचे बी व बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. प्लॅस्टिक, काच आणि रोगट झाडे खड्ड्यात जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

गांडूळखत हा आणखी एक पर्याय आहे. अर्धवट कुजून थंड झालेले शेण व पालापाचोळा गांडुळांना दिला, तर दीड ते दोन महिन्यांत दाणेदार खत तयार होते. गांडुळे उष्णता सहन करीत नाहीत. म्हणून ताजे शेण सरळ त्यांच्या वाफ्यात टाकू नये.

कोणत्या भाजीला किती?

सर्व भाज्यांची भूक सारखी नसते. वांगी, टोमॅटो, कोबी, दुधी, भोपळा ही पिके खादाड आहेत. त्यांना खताची पूर्ण मात्रा द्यावी. गवार, चवळी, वाल, घेवडा यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यांना नत्र अधिक झाल्यास वेल माजतो, पण शेंगा कमी लागतात. गाजर व मुळा यांच्या वाफ्यात अर्धवट कुजलेले खत घातले, तर मुळांना फाटे फुटतात. त्यांच्यासाठी आधीच्या पिकाला दिलेल्या खताचा उरलेला अंशच चांगला. यावरून फेरपालटीचा क्रम आपोआप ठरतो: प्रथम खत घालून फळभाजी, तिच्यामागून पालेभाजी किंवा कंदमूळ आणि त्यानंतर शेंगभाजी.

तीन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा वाफ्याला सहा ते साडेसात किलो खत लागते. पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे ते पसरून वरच्या चार ते सहा इंच मातीत मिसळावे. खताचे ढीग टाकून ते दिवसेंदिवस उन्हात राहू देणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. खत पसरावे आणि त्याच दिवशी मातीआड करावे. त्यानंतर वाफ्यावर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते आणि पुढील हंगामासाठी सेंद्रिय पदार्थांची भरही पडते.

लेंडीखत आणि कोंबडीखत शेणखतापेक्षा तीव्र असतात. कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास नत्र असू शकते. ते कच्चे वापरल्यास रोपे जळतात. म्हणून ते कंपोस्टमध्ये मुरवूनच आणि कमी मात्रेत द्यावे. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसविण्याची दख्खनमधील जुनी चाल याच लेंडीखताच्या गुणावर उभी आहे. त्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देत आले आहेत. खताचे मोल त्यांना ठाऊक होते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

खत हाताळताना पायांत बूट असावेत, हाताला जखम असल्यास काम टाळावे आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. शेणात व मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. शाळेतील मुलांकडून हे काम करवून घेताना शिक्षकांनी या गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे.

चूल की खत?

खताची चर्चा करताना गोवरीचा प्रश्न टाळता येत नाही. डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात भारतीय शेतीची पाहणी मांडताना, शेतकरी शेण जाळतो ते खताची किंमत न कळल्यामुळे नव्हे, तर सरपण नसल्यामुळे, हे स्पष्ट केले होते. हे निरीक्षण आजही विसरता येणार नाही. ज्या घरात चूल पेटविण्यास दुसरे साधन नाही, तेथील गृहिणीला गोवऱ्या थापू नका, असे सांगणे निरर्थक होय. शेण वाचवावयाचे, तर आधी इंधनाची सोय झाली पाहिजे.

या पेचातून बायोगॅसने चांगला मार्ग दाखविला आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरांचे शेण लागते. त्यातून स्वयंपाकाला गॅस मिळतो आणि बाहेर पडणारी मळी उत्तम खत ठरते. गोवरीत शेण जळून नत्र नष्ट होते. बायोगॅसमध्ये इंधन मिळूनही नत्र मागे राहते. एक-दोन जनावरे असलेल्या घराला मात्र हे संयंत्र परवडत नाही. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेमुळे अशा अनेक घरांत गॅसची शेगडी आली. शेगडी ज्या दिवशी पेटते, त्या दिवशीचे शेण खड्ड्यासाठी मोकळे होते. या दोन गोष्टींचा संबंध ग्रामसभेत समजावून सांगितला जावा.

गावाच्या पातळीवर

कणकवलीजवळील गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाई आणि सोनखत यांचा मेळ घालण्यासाठी आयुष्य वेचले. गावाची स्वच्छता आणि शेतीची सुपीकता ही दोन कामे नसून एकच काम आहे, हा त्यांच्या कार्याचा आशय होता. महाराष्ट्रात २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने हाच विचार गावोगाव नेला. तथापि, स्पर्धेपुरता झाडलेला रस्ता आणि त्यामागे पुन्हा वाढलेला उकिरडा, असे चित्रही काही ठिकाणी दिसते. गोळा केलेला कचरा कोठे जातो, हा प्रश्न जेथे विचारला जात नाही, तेथे असे होणे अपरिहार्य आहे.

ग्रामपंचायतीने या बाबतीत करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. ओला व सुका कचरा घरातूनच वेगळा यावा. खड्ड्यांसाठी पाण्याच्या साठ्यापासून दूर अशी जागा निश्चित व्हावी. तयार झालेल्या खताचा पहिला वाटा शाळा व अंगणवाडीच्या परसबागेला मिळावा. नाडेपच्या एका टाकीतील तीन टन खत दहा-बारा गुंठे भाजीपाल्याची एका हंगामाची गरज भागवू शकते. एवढ्या क्षेत्रात गावातील शाळेची व अंगणवाडीची परसबाग सहज सामावेल.

शिक्षकांच्या हाती यापेक्षाही मोलाची गोष्ट आहे. दोन वाफे शेजारी शेजारी घ्यावेत; एकात खत घालावे, दुसऱ्यात घालू नये. दोहोंत एकाच दिवशी एकच भाजी पेरावी. पाणी किती वेळात मुरते, काढणीचे वजन किती भरते, मातीत गांडुळे किती सापडतात, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. एका हंगामात फरक थोडा दिसेल. तीन हंगामांत तो ठळक होईल. त्यासाठी धीर लागतो. सेंद्रिय कर्ब रातोरात वाढत नाही. दिलेल्या खतातील बराचसा भाग कुजून हवेत जातो आणि थोडाच मातीत मुरतो. म्हणून एका वर्षी भरपूर घालून पुढे विसरून जाण्यापेक्षा, दर वर्षी नेमाने थोडे घालणे अधिक लाभाचे असते.

ताटातील भाजीचे देठ, जेवणानंतर उरलेल्या साली, आवारातील वडा-पिंपळाची पाने आणि शेजारच्या गोठ्यातील दोन पाट्या शेण, एवढ्या भांडवलावर कोणतीही शाळा खड्डा सुरू करू शकते. पावसाळ्यापूर्वी भरलेला, पण वरून झाकलेला खड्डा रब्बीच्या भाजीला उपयोगी पडतो. दिवाळीनंतर भरलेला उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या सरींपूर्वी वाफ्यांत घालता येतो. वर्षाला दोन खड्डे, एवढा नेम पाळला गेला, तर तिसऱ्या वर्षी परसबाग निस्तेज होण्याचे कारण उरणार नाही आणि मुलांच्या ताटातील हिरवी भाजी केवळ उद्घाटनाच्या वर्षापुरती राहणार नाही.